विद्यार्थ्याच्या वहींतून : एका आठवड्याचें पान

गेल्या महिन्याचा अंक आमच्या आत्याबाईंच्या वाचनांत आला, आणि रात्रीं पानें वाढतांना त्यांनीं एकच प्रश्न विचारिला : "अरे, यांत सारखें 'आम्ही, आम्ही' असें लिहिलें आहेस, तें तूं आणि आणखी कोण?" सदर लिहिणाऱ्यानें स्वतःस बहुवचनांत घ्यावें हा मासिकांचा जुना शिरस्ता आहे, एवढें सांगून आम्ही आमटीकडे वळलों. पण खरें सांगावयाचें तर, पुण्याच्या पेठांतून राज्यसेवेच्या परीक्षेचा अभ्यास करणाऱ्यानें एकवचन वापरणें हीच मोठी बढाई होईल. सकाळीं सहा वाजतां शास्त्री रस्त्यालगतच्या कोणत्याहि अभ्यासिकेचें दार उघडून पाहावें. शंभर टेबलें, शंभर दिवे, शंभर पाण्याच्या बाटल्या आणि शंभर सारख्याच वह्या तेथें दिसतील. त्यांतील एक वही आमची. ती हरवली व शेजाऱ्याची उचलून आणिली, तरी अभ्यासांत खंड पडूं नये, इतक्या त्या सारख्या असतात.

या वहीवर 'चालू घडामोडी' असें लिहिलेलें असतें. इतर गृहस्थ चहाबरोबर वर्तमानपत्र वाचतात, घटकाभर सरकारवर रागावतात आणि कामास लागतात. आम्हांस रागावण्याची सवड नाहीं. जगांत कोठें कांहीं घडलें कीं, 'यावर प्रश्न कसा येईल' हाच विचार आमच्या मनांत प्रथम येतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं केंद्रीय मंत्रिमंडळानें मराठीस अभिजात भाषेचा दर्जा देण्याचें ठरविलें, तेव्हां आत्याबाईंच्या यजमानांनीं, म्हणजे काकांनीं, पेढे आणिले. पेढा तोंडांत असतांनाच आम्ही 'पाली, प्राकृत, असमिया, बंगाली' असें पुटपुटत होतों. कारण त्याच दिवशीं या चार भाषांसहि तो मान मिळाला, आणि विचारलीं जाण्याचा संभव त्यांच्याच नांवांचा अधिक. जुलै २०२५ मध्यें मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशांत गेले. त्यांपैकीं अकरा आपल्या राज्यांत, आणि एक जिंजी तेवढी तामिळनाडूंत. तेव्हां सबंध अभ्यासिकेनें एकमुखानें जिंजीखालीं दोन रेघा ओढिल्या. काकांनीं तरुणपणीं या बारांतील बहुतेक किल्ले पायीं पाहिले आहेत. त्यांनीं विचारिलें, "तूं यांतले किती चढलास?" शाळेच्या सहलींत आम्ही पन्हाळ्यास गेलों होतों व तेथें भेळ खाल्ली होती, एवढें सांगून आम्ही विषय बदलला.

हें सर्व आठवण्याचें कारण असें कीं, परवां उजळणीकरितां २०२४ सालची वही काढिली आणि जुलैअखेरच्या आठवड्याचें पान समोर आलें. मोठें भरगच्च पान आहे. २३ जुलैस अर्थसंकल्प; २६ ला पॅरिस येथें ऑलिंपिकचा प्रारंभ; २८ ला मनू भाकर हिचें नेमबाजींतील कांस्यपदक; ३० ला वायनाडची दरड; १ ऑगस्टास कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळे याचें कांस्यपदक, आणि त्यापुढें 'खाशाबा जाधव, हेलसिंकी, १९५२' अशी सूचना. वायनाडच्या ओळींत मृतांचा आंकडा तीन वेळां खोडून तीन वेळां वाढविलेला दिसतो. खोडतांना आमचा हात थांबला होता कीं काय, हें त्या शाईवरून कळत नाहीं.

त्या पानावर २५ जुलै ही तारीख मात्र नाहीं. २३ नंतर एकदम २६. आणि २५ जुलैस आम्ही पुण्यांतच होतों!

पुण्याबाहेरील वाचकांकरितां थोडा भूगोल सांगितला पाहिजे. पुण्यास पाणी देणारीं धरणें चार. टेमघर, वरसगांव आणि पानशेत हीं तीन वरच्या अंगास. त्या तिहींचें पाणी खालीं खडकवासल्यांत येतें, व तेथून मुठेच्या पात्रानें शहरांत. चारांची मिळून धारणशक्ति २९.१५ टीएमसी; त्यांत एकट्या खडकवासल्याची १.९७. म्हणजे वर तीन हंडे आणि खालीं एक तांब्या, असा प्रकार आहे. हंडे रिकामे असले तरी, घाटाकडे व धरणाच्या आसपास पाऊस कोसळला कीं तांब्या भरावयास वेळ लागत नाहीं, आणि भरला म्हणजे दरवाजे उघडावेच लागतात. २४ जुलैच्या रात्रीं असेंच झालें. पहाटेस विसर्ग पस्तीस हजार क्यूसेकांच्या घरांत गेला. एक क्यूसेक म्हणजे सेकंदास एक घनफूट, एक घनफूट म्हणजे सुमारें २८.३ लिटर, गुणाकार केला तर दर सेकंदास दहा लाख लिटरांच्या आसपास पाणी. ही व्याख्या आम्हांस झोपेंतहि येते. त्या पहाटे आम्ही झोपेंतच होतों.

सकाळीं उठून पाहतों तों भिडे पूल पाण्याखालीं गेलेला, आणि नदीकांठीं पुणेकरांची ती नेहमींची गर्दी. सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरींत घरांतून पाणी शिरलें होतें व माणसांस नावांतून बाहेर काढीत होते. आत्याबाईंच्या घरास कांहीं झालें नाहीं. त्यांच्या सासूबाई हयात होत्या तोंवर घरांतील प्रत्येक भांड्याची कालगणना 'पानशेतच्या आधींचें' आणि 'पानशेतनंतरचें' अशी करीत. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेत फुटलें तेव्हां याच नारायण पेठेंत पाणी चढलें होतें. त्या मानानें हें कांहींच नव्हे, असें सर्वांचें मत पडलें, आणि आम्ही अभ्यासिकेकडे निघालों.

लकडी पूल ओलांडला कीं डेक्कनच्या बाजूस नदीलगत पुलाची वाडी लागते. तेथें त्या पहाटे आपली हातगाडी पाण्यांतून हलवितांना विजेचा धक्का बसून तीन माणसें गेलीं. अंडाभुर्जीची गाडी होती ती. डेक्कनच्या अंगास अशा गाड्या रात्रीं उशिरांपर्यंत चालतात, आणि अभ्यासिकेंतून अकरा वाजतां सुटलेल्या मुलास दुसरें कोठें गरम अन्न मिळत नाहीं. आम्हीहि अशा एका गाडीवर अनेकदां उभें राहून खाल्लें आहे. (आत्याबाईंनीं हें वाक्य वाचूं नये, वाचल्यास तें लेखनाच्या ओघांत आलें असें समजावें.) ती गाडी त्या माणसांचीच होती कीं दुसऱ्या कोणाची, हें आम्हांस आजहि ठाऊक नाहीं. तव्यावरचा हात, पुढें आलेली कागदी बशी, 'दादा, पाव आणखी?' हा प्रश्न, एवढें स्मरतें. तोंड स्मरत नाहीं. जेवतांनाहि आम्ही बहुधा कांहीं तरी पाठ करीत असूं.

बातमी त्याच दिवशीं कळली होती. वहींत लिहिली नाहीं, कारण यावर प्रश्न येणार नव्हता.

दोनच दिवसांनीं, २७ जुलैस, दिल्लीच्या जुन्या राजेंद्रनगरांत एका शिकवणीवर्गाच्या तळघरांतील वाचनालयांत पावसाचें पाणी शिरलें आणि आमच्यासारखींच अभ्यास करणारीं तीन मुलें बुडालीं. ही बातमी मात्र अभ्यासिकेंत कोणास लिहून घ्यावी लागली नाहीं. आमची तेव्हांची बैठकहि तळघरांतच होती. त्या संध्याकाळीं कोणी कांहीं बोललें नाहीं. पण एकेक जण मान वर करून जिन्याकडे पाही, आणि किती पायऱ्या आहेत तें मनांत मोजी. पायऱ्या चौदा होत्या. दार एकच होतें. पुढल्या पहिल्या तारखेपासून आम्ही दुसऱ्या एका ठिकाणीं, वरच्या मजल्यावर, महिना दोनशें रुपये अधिक देऊन बसूं लागलों. मागें राहिलेल्यांस दोनशें रुपये जड होते.

त्याच ऑगस्टांत, परीक्षेच्या दिवशींच बँकेचीहि परीक्षा आली म्हणून, मुलें शास्त्री रस्त्यावर बसलीं, आणि २५ ऑगस्टची पूर्वपरीक्षा पुढें जाऊन १ डिसेंबरास झाली. तींत आमचें काय झालें, हें हें सदर अद्याप चालू आहे यावरून वाचकांनीं ओळखावें.

आतां मुख्य परीक्षेची पद्धतिहि बदलली. २०२५ पासून पर्यायांपुढें खूण करण्याचे दिवस गेले. उत्तर स्वतःच्या शब्दांत लिहावयाचें. सरावाकरितां आम्ही एका वर्गांत नांव घातलें, आणि तेथील पहिलाच प्रश्न आला तो 'नागरी पूर : कारणें व उपाय'. शब्द अडीचशें.

वाचकांस हें सांगावयाचें राहिलें कीं आम्ही मूळचे सांगलीचे, आणि तेंहि गांवभागांतले. सांगलीकर पावसाळ्यांत एकमेकांस 'कसे आहांत' असें विचारीत नाहींत; 'पूल किती?' असें विचारतात. १९२९ सालच्या आयर्विन पुलापाशीं कृष्णेचें पाणी किती फूट आहे, असा त्याचा अर्थ. चाळीस म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. ऑगस्ट २०१९ मध्यें तें सत्तावन्न फुटांवर गेलें. त्या रात्रीं आमच्या जिन्याच्या सहाव्या पायरीस पाणी लागलें, तेव्हां बाबा कंदील घेऊन पायऱ्यांवर पेन्सिलीनें खूण करीत बसले होते. आईनें देव, धान्य आणि औषधें वर आणिलीं. बाबांनीं चाळीस वर्षांचीं शाळेचीं टिपणें सोडून सोवळ्याची पेटी उचलली, याचें तिला अजून नवल वाटतें. सकाळीं वरून पाहिलें तों माजघरांत मेतकुटाची बरणी तरंगत होती, झांकण घट्ट, जणूं कांहीं झालेंच नाहीं. पुढें सहा दिवस ती तशीच या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फिरत राहिली. पाणी ओसरल्यावर चिखल काढावयास खणभागांतील जीं मुलें आलीं, त्यांचीं स्वतःचीं घरें अजून निथळत होतीं.

प्रश्न वाचतांच हें सारें हातांत आलें, आणि अडीचशें शब्दांत आम्ही तें लिहून टाकिलें. मागाहून पुलाची वाडीहि त्यांत आली. उत्तरपत्रिका परत आली तेव्हां दहांपैकीं तीन गुण होते, आणि समासांत लाल शाईनें शेरा : 'मुद्दे नाहींत. कारणें, परिणाम, उपाययोजना, निष्कर्ष हा क्रम पाळा. आत्मचरित्र नको.'

दोन दिवस आम्ही रागावलेले होतों. तिसऱ्या दिवशीं विचार केला तों शेरा खोटा वाटेना. मध्यरात्रीं दरवाजे किती उघडावे आणि खालच्या वस्तींत भोंगा केव्हां वाजवावा, हें ज्यास ठरवावयाचें आहे त्याचें काम बरणी आठवून भागणार नाहीं. त्याला आंकडेच हवेत, आणि ते वेळेवर हवेत. नदीच्या पात्रांत घरें कोणी बांधूं दिलीं, पावसाच्या पाण्याचे ओढे कोठें बुजले, पाण्यांतल्या वस्तीची वीज किती फुटांवर तोडावी, यांचीं उत्तरें आमच्या अडीचशें शब्दांत एकहि नव्हतें. तेवढ्यापुरते मार्गदर्शक बरोबर. परंतु ज्याच्या वहींत २३ नंतर एकदम २६ येते, त्याच्या हातीं उद्यां एखादा तालुका जावयाचा आहे, ही धास्ती आम्हांस त्या शेऱ्याहून मोठी वाटते. आणि ती दुसऱ्या कोणाविषयीं नाहीं.

उत्तर पुन्हां लिहिलें. कारणें चार, परिणाम तीन, उपाय पांच. सहा गुण मिळाले. मग २०२४ ची वही काढून, २३ आणि २६ यांच्यामध्यें जी बोटभर जागा होती तींत, बारीक अक्षरांत २५ जुलै लिहिली. जागा थोडी म्हणून नदीचें नांव, वाडीचें नांव, गाडी कशाची होती तें, आणि 'तीन' एवढेंच मावलें. शेजारच्या मुलानें वांकून पाहिलें आणि विचारिलें, "हें महत्त्वाचें आहे का? मीहि लिहूं?" आम्ही वही त्याच्याकडे सरकविली. त्यानें लिहून घेतलें. आणि संवयीनें खालीं दोन रेघाहि ओढिल्या.

त्या रात्रीं पाऊस फार होता. साडेआठास बाबांचा फोन आला. अभ्यास कसा चालला आहे हें ते कधींच विचारीत नाहींत. कितवा प्रयत्न आहे हें त्यांस आमच्याहून चांगलें ठाऊक आहे.

"आयर्विनला एकवीस फूट आहे," ते म्हणाले. "चढतें आहे, पण हळू. तुमच्याकडे?"

आम्ही खिडकीशीं जाऊन पाहिल्यासारखें केलें. आत्याबाईंच्या खिडकींतून नदी दिसत नाहीं. "खडकवासल्यांतून थोडें सोडलें आहे म्हणतात," आम्ही म्हणालों. "काका आतांच पाहून आले. भिडे पूल अजून वर आहे."

"बरें, मग जेवून घे," असें म्हणून त्यांनीं फोन ठेविला.