ठाकुर्लीच्या पक्षकाराने वकील कसा ओळखावा?

“शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये” ही म्हण ज्याने काढली त्याच्या बांधाला कोणी नांगर लावीत नसावे, आणि त्याला भाऊबंदही नसावेत! आम्हां आगरी-कुणब्यांस, सुतार-लोहारांस ही पायरी हौसेने चढावी लागत नाही. कोणी तरी समन्स आणून हातात देतो, किंवा रात्री पोलीस येऊन पोराला घेऊन जातो, आणि दुसऱ्या दिवशी शहाणा काय नि अडाणी काय, त्याच पायरीवर उभा असतो.

ठाकुर्ली स्टेशनच्या फलाटावर सकाळी उभे राहावे. पिशवीत सातबाऱ्याचे उतारे, फेरफार, आजाच्या वेळचे खरेदीखत असा ऐवज छातीशी धरलेला मनुष्य हमखास दिसतो. कल्याणचे कोर्ट असले तर एकच स्टेशन. ठाण्याचे असले तर डोंबिवली, कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा असे करीत जावयाचे. त्याला विचारावे, बाबा, वकील कोण केला आहेस? तो नाव सांगेल. तोच का केलास? तर उत्तर ठरलेले: “लई जबरा बोलतो!”

येथेच आपले घोडे पेंड खाते. बैल घ्यावयाचा तर आपण दात पाहतो, चालवून पाहतो, खांद्याला हात लावून पाहतो. वकील करताना मात्र कीर्तनकार निवडावा तसा आवाज ऐकून निवडतो. खटला बोलण्याने जिंकला जात नाही असे नाही; पण बोलण्याची पाळी शेवटी येते. त्याच्या अगोदर साक्षीदार पिंजऱ्यात येतो. ज्या पक्षाने त्याला आणले त्याचा वकील प्रथम विचारतो, ती सरतपासणी. मग समोरचा वकील उठतो, ती उलटतपासणी. खटल्याचा प्राण बहुतेक वेळा या दुसऱ्या तपासणीत असतो. साक्षीदार म्हणतो, मी मारहाण डोळ्यांनी पाहिली. वकील विचारतो, उभे कोठे होतात? अंतर किती? उजेड कशाचा? पोलिसांना पहिल्या जबानीत हे सांगितले होते काय? चार साधे प्रश्न. आवाज चढविण्याचे कारण नाही. पण ते चार सुचण्यासाठी वकिलाने पंचनामा अगोदर वाचलेला असावा लागतो, जागा पाहिलेली असावी लागते, आणि पाचवा प्रश्न कोठे विचारू नये हे वीस वर्षांच्या अनुभवाने कळलेले असावे लागते. तेथे एकदा साक्षीदाराच्या तोंडून जे कागदावर गेले ते गेले. वरच्या कोर्टात अपील होते खरे, पण अपील बहुधा त्याच कागदावर चालते.

असा वकील कसा असतो याचा दाखला शोधण्यास विलायतेस जावयास नको. ज्या ठाण्यात आपण तारखा घेतो, तेथेच डॉ. बाबासाहेब आंबेडकर आरोपींच्या बाजूने उभे राहिलेले आहेत. राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून त्यांची तसबीर घरोघर आहे. पण हा मनुष्य अनेक वर्षे जिल्ह्याजिल्ह्यांच्या कोर्टांत पक्षकारांची कागदपत्रे घेऊन हिंडत होता, हे फारसे कोणी सांगत नाही. ऑक्टोबर १९२८ मधली गोष्ट आहे. सायमन कमिशनपुढे पुण्यास २३ तारखेला त्यांची साक्ष व्हावयाची होती. साऱ्या अस्पृश्य समाजाची बाजू तेथे मांडावयाची. आणि त्याच सुमारास ठाण्याच्या सेशन्स कोर्टात खुनाच्या आरोपातील माणसांचा बचाव त्यांच्या अंगावर. इकडे फाशीच्या दारातली माणसे, तिकडे समाज. चरित्रकार धनंजय कीर यांनी लिहिले आहे की, त्यांनी न्यायाधीशांना विनंती केली, सरकारी वकिलाच्या अगोदर मला बचावाचे भाषण करू द्या. न्यायाधीशांनी ती मानली. विरुद्ध बाजू काय बोलणार हे ऐकण्याच्या आधीच तिला उत्तर देऊन ते पुण्यास गेले, आणि आरोपींपैकी बहुतेक सुटले. ज्याने एकूण एक साक्ष पाठ केली आहे त्यालाच हे साधते.

पुण्याचा ‘देशाचे दुश्मन’ खटला जुन्या मंडळींच्या घरी अजून सांगतात. दिनकरराव जवळकरांचे हे पुस्तक १९२५ साली निघाले. टिळक आणि चिपळूणकर यांच्यावर त्यात जहरी टीका होती. भाषा सोवळी नव्हती, हे कबूल करण्यास आम्हांस संकोच नाही. अब्रुनुकसानीची फिर्याद झाली, खालच्या कोर्टाने जवळकर, केशवराव जेधे आदींस शिक्षा ठोठावल्या. १९२६ साली सेशन्स कोर्टात अपील चालविण्यास आंबेडकर आले. पुस्तक चांगले की वाईट, टिळक थोर की नाहीत, या वादात ते गुंतले असते तर पुण्यात टाळ्या किंवा जोडे, काहीही मिळाले असते; अपील मात्र गेले असते. त्यांनी बोट ठेवले ते एका कोरड्या मुद्द्यावर: मृत माणसाच्या बदनामीचा गुन्हा त्याच्या कुटुंबाच्या किंवा जवळच्या आप्तांच्या भावना दुखविण्याशी बांधलेला आहे, आणि हा फिर्यादी तर चिपळूणकरांचा दूरचा नातेवाईक! आरोपी सुटले.

महाडच्या चवदार तळ्याचा दिवाणी दावा याहून शिकण्यासारखा आहे, कारण त्यात आपल्या रोजच्या तोंडातला शब्द होता: वहिवाट. डिसेंबर १९२७ मध्ये नरहरी दामोदर वैद्य व इतर सनातनी मंडळींनी आंबेडकर व त्यांच्या सहकाऱ्यांवर दावा लावला. म्हणणे असे की, अस्पृश्यांनी हे पाणी घेऊ नये ही अनादी काळाची वहिवाट आहे. आता यावर धर्मशास्त्राची पारायणे करता आली असती. पण कायद्याचा प्रश्न साधा होता: वहिवाट आहे म्हणता, तर शाबीत करा. महाडच्या न्यायाधीशाने ८ जून १९३१ रोजी दावा फेटाळला. फिर्यादी अपिलात आले ते ठाण्याच्या कोर्टात; तेथे ३० जानेवारी १९३३ रोजी अपील गेले. मुंबई हायकोर्टाने १७ मार्च १९३७ रोजी तोच निकाल कायम केला. वहिवाट अनादी असल्याचे शाबीत झालेले नाही, असे म्हटले. नऊ वर्षे लागली. आज शेतरस्त्याच्या तंट्यात तहसीलदारापुढे उभा राहणारा आपला शेतकरीही “पूर्वापार वहिवाट” एवढेच म्हणतो आणि थांबतो. ती दाखविणारा नकाशा कोठे, जुना पाहणीपत्रक उतारा कोठे, शेजारच्या बांधावरचा म्हातारा साक्षीदार कोठे, हे जो वकील पहिल्याच भेटीत विचारील तो धरावा. “सगळे माझ्यावर सोडा” म्हणणाऱ्यापासून दहा हात दूर राहावे. साक्षीदार मी उभा करतो म्हणणाऱ्यापासून तर शंभर.

आणखी एक खूण सांगतो. तुमची बाजू लंगडी आहे, असे तोंडावर सांगणारा वकील आपणांस आवडत नाही. आपण लगेच दुसऱ्याकडे जातो. खरे म्हणजे फी देण्यालायक तोच. हरणारा खटला घेऊ नये असे मात्र नाही. १९३४ साली र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा आंबेडकरांनी त्यांची बाजू लढविली. कर्वे जन्माने ब्राह्मण होते, विषय असा की सभ्य माणसे कानांवर हात ठेवीत. खटला हरले, दंड झाला. पक्षकाराची जात पाहून वकील उभा राहू लागला तर त्याने सनद परत करावी.

पण हा वकील घडला कसा, तेही पाहिले पाहिजे. १९२२ साली बॅरिस्टर झालेल्या या माणसाजवळ सनदेपुरते पैसे नव्हते. मित्र नवल भथेना यांनी दिले. १९२३ पासून वकिली सुरू झाली. मुंबई हायकोर्टात बॅरिस्टराला काम मिळे ते सॉलिसिटरांच्या हातून, आणि ते अस्पृश्याला काम देण्यास तयार नसत. म्हणून जिल्हा कोर्टांची वाट. १९२५ ते १९२८ पर्यंत बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवून घर चालवावे लागले.

आज आपल्या घरांतली मुले-मुली एलएल.बी. होतात. एक-दोन वर्षे मोठ्या वकिलाच्या ऑफिसात फायली उचलतात, तारखा घेतात, आणि मग लग्नाचा विचार निघाला की बँकेत किंवा कंपनीत नोकरी धरतात. बार कौन्सिलने ऑक्टोबर २०२४ मध्ये शहरात दरमहा २०,००० आणि खेड्यात १५,००० रुपये ज्युनिअरला द्यावेत असे सुचविले. पण तो सल्ला आहे, सक्ती नाही. भाऊबंद तरी काम देतात का? नाव. नोटीस लिहावयाची असली तरी आपण ठाण्याच्या नामांकिताकडे जातो, आणि चुलत्याच्या मुलीला सांगतो, तू अजून लहान आहेस. ती मोठी व्हावी कशी? खुनाचा खटला तिच्या हाती देऊ नका. पण फेरफाराची हरकत द्या, भाडेकरार द्या, दिवाणी दाव्यात मोठ्या वकिलाच्या शेजारी तिचे वकीलपत्र लावा आणि तिची वेगळी फी द्या.

ज्यांच्याजवळ फीच नाही त्यांच्यासाठी १९८७ च्या विधी सेवा कायद्यात सरकारी खर्चाने वकील मिळतो. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग, कारखान्यातला कामगार, कोठडीतला आरोपी, यांना उत्पन्नाची अटही नाही. अर्ज तालुक्याच्या कोर्टातील विधी सेवा समितीकडे करावयाचा. आणि तो वकील फुकटचा म्हणून त्याच्याकडे कागद अर्धे नेऊ नका. पिशवी सगळी न्या.