आधी वीतभर तुकडा

स्वेटरच्या मशीनवर नव्याने बसणाऱ्या प्रत्येकीला मी सांगते: आधी वीतभर तुकडा विण. ४.५ मिलिमीटर अंतरावर ओळीने २०० सुया. कॅरेज सरकवली की अख्खी ओळ विणून होते. त्या वेगाची मलाही भूल पडली होती. विणीला खाली वजनं न अडकवता कॅरेज ओढत गेले नि वीण सुयांवरून उतरून मांडीत आली. म्हणून घाई न करता आधी तुकडा. तो धुवायचा, वाळवायचा, मग १० सेंटिमीटरमध्ये टाके किती, ओळी किती ते मोजायचं. छातीचं माप टाक्यांत उतरतं ते इथूनच. (लोकर बदलली की पुन्हा नवा तुकडा, कंटाळा करू नये.) आणि टाका सुटून खाली धावला, तर झडपेच्या सुईने एकेक आडवा धागा ओढून घेत वर यायचं. तो परत सुईवर बसतो, तेव्हा फार बरं वाटतं.