प्रतिनिधी कोणाचा? पुणे करार आणि दोन शेजारी देश

दोन देशांतील सामाजिक समतेची तुलना करताना आपण बहुधा त्यांच्या राज्यघटनांतील कलमे समोरासमोर ठेवतो. भारतीय घटनेचे कलम १४ कायद्यापुढील समानतेची हमी देते. पाकिस्तानच्या १९७३ च्या घटनेतील कलम २५ देखील तशीच हमी देते. मात्र त्याच घटनेचे कलम ४१ राष्ट्राध्यक्षपद केवळ मुस्लिम नागरिकासाठी राखून ठेवते. हा भेद मूलभूत आहे. परंतु तुलना तेथेच थांबवू नये, असे माझे मत आहे. अल्पसंख्य नागरिकाचे मत मागण्यासाठी त्याच्या दारी कोणाला यावे लागते, हेही पाहिले पाहिजे.

या प्रश्नाचा इतिहास पुण्याशी निगडित आहे. ऑगस्ट १९३२ च्या जातीय निवाड्याने अस्पृश्य वर्गांना स्वतंत्र मतदारसंघ दिले. त्याविरुद्ध गांधीजींनी २० सप्टेंबर रोजी येरवडा कारागृहात उपोषण आरंभिले आणि २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. प्रांतिक कायदेमंडळांतील राखीव जागा ७१ वरून १४८ झाल्या. मतदारसंघ मात्र संयुक्त राहिले. निवडून येणारा उमेदवार सवर्ण मतांवर अवलंबून राहतो, ही डॉ. आंबेडकरांची पुढील काळातील तक्रार होती.

पाकिस्तानात १९८५ च्या निवडणुकीपासून याउलट प्रयोग झाला. बिगर-मुस्लिमांनी केवळ आपल्याच समाजाच्या उमेदवारांना मत द्यावे, असे ठरले. परिणामी सिंधमधील अनुसूचित जातीच्या शेतमजुराला स्थानिक सर्वसाधारण उमेदवारासंबंधी मतच उरले नाही, आणि त्याच्या राष्ट्रीय प्रतिनिधीचा मतदारसंघ सारा देश झाला. २००२ मध्ये संयुक्त मतदान परतले, तरी अहमदिया समाजाची यादी वेगळीच राहिली. बिगर-मुस्लिमांसाठी राखीव असलेल्या राष्ट्रीय सभेच्या जागा पक्षांच्या याद्यांतून भरल्या जाऊ लागल्या. तेथील सदस्य आता पक्षनेतृत्वाला बांधील असतो.

यावरून दिसते की, स्वतंत्र मतदारसंघाने स्वतःचा आवाज मिळतो, पण बहुसंख्याकांची जबाबदारी संपते. संयुक्त मतदारसंघाने ती जबाबदारी टिकते, पण आवाज दबण्याचा धोका राहतो. दोहोंपैकी मला संयुक्त मतदारसंघ अधिक न्याय्य वाटतो, कारण त्यात नागरिक परस्परांना टाळू शकत नाहीत. तथापि शेजाऱ्याचे दोष दाखवून आपले झाकू नयेत. भारतात अनुसूचित जातींचा दर्जा १९५६ मध्ये शिखांना व १९९० मध्ये बौद्धांना मिळाला; ख्रिस्ती व मुस्लिम दलित मात्र अद्याप त्याबाहेर आहेत. धर्म बदलल्याने जातीचे चटके थांबतात काय, याचे उत्तर आपल्यालाही द्यावे लागेल.

म्हणून तुलना करताना तीन प्रश्न विचारा: हक्क लिहिला आहे काय? प्रतिनिधी कोण निवडतो? आणि निवडून आल्यावर तो कोणाला उत्तर देतो? हेच प्रश्न आपल्या गावाच्या वा प्रभागाच्या राखीव जागेलाही लावून पाहा.