सेवेच्या नावाखाली वेठ नको

दरवर्षी 2 एप्रिल रोजी जागतिक स्वमग्नता जागरूकता दिन पाळला जातो. संयुक्त राष्ट्रसंघाच्या ठरावानुसार 2008 पासून ही प्रथा सुरू झाली. त्या दिवशी फेऱ्या निघतात, व्याख्याने होतात, मुलांचे कौतुक होते. हे उचितच आहे. परंतु ज्यांच्या हाताला धरून ही मुले पहिला शब्द उच्चारावयास आणि स्वतःच्या हाताने घास घ्यावयास शिकतात, त्या उपचारक व विशेष शिक्षकांची आठवण त्या दिवशीही क्वचितच होते.

मुलांसाठी कायद्याने पुष्कळ केले आहे. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्वमग्नतेची दखल घेतली. त्याच न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत 1 लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण मिळते. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते; 2016 च्या कायद्याने ते 21 केले आणि त्यांत स्वमग्नतेला स्वतंत्र स्थान दिले. विशेष शिक्षक, वाचा व श्रवणतज्ज्ञ यांच्यासाठी 1992 च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषदेकडील नोंदणी आवश्यक ठरविली. मात्र पात्रतेचा आग्रह धरणाऱ्या या व्यवस्थेने त्या पात्रतेला साजेशा वेतनाचा आग्रह कधी धरला काय?

खानदेशात हा प्रश्न अधिक तीव्र आहे. चोपडा, यावल, रावेरचे पालक मुलाला घेऊन जळगाव गाठतात; शिरपूर, शिंदखेडा, साक्रीचे धुळे गाठतात. एका सत्रासाठी अख्खा दिवस आणि एका दिवसाची मजुरी जाते. एवढ्या कष्टाने आलेल्या मुलासमोर बसणारी व्यक्ती बहुधा तरुण शिक्षिका असते. एकामागून एक सत्रे, दिवसभर जमिनीवरची बैठक, बिथरलेल्या मुलाला सावरताना बसणारे ओरखडे आणि चावे, त्यानंतर आईवडिलांचे समाधान करणे आणि घरी जाऊन नोंदी लिहिणे, हा तिचा दिनक्रम. अनेक ठिकाणी तिला नियुक्तिपत्र नसते, सत्रावर मोबदला असतो आणि मूल आले नाही तर तोही बुडतो. मग ती नाशिक-पुण्याची वाट धरते किंवा हे काम सोडून देते.

ती गेल्याने हानी कोणाची होते? स्वमग्न मुलाला बदल सोसत नाही. ओळखीचा आवाज, ठरलेली जागा, ठरलेला क्रम यांच्या आधाराने त्याचा विश्वास जडतो. तो जडण्यास महिने लागतात. शिक्षिका बदलली की मूल पुन्हा मागे सरकते. म्हणूनच तिच्या वेतनाचा प्रश्न हा केवळ कामगारांचा प्रश्न नाही, तो त्या मुलाच्या उपचाराचाच भाग आहे.

येथे सेवाभावी संस्थांनीही आत्मपरीक्षण करावयास हवे. ‘हे सेवाकार्य आहे, येथे पगाराकडे पाहू नये’ हे वाक्य पुष्कळदा कानी येते. सेवा हे व्रत आहे. पण व्रत स्वतः घ्यावयाचे असते, ते दुसऱ्यावर लादावयाचे नसते. जो आपला वेळ स्वेच्छेने देतो त्याला वंदन करावे. जी आपल्या विद्येवर संसार चालविते, तिला योग्य दाम द्यावा. या दोहोंत गल्लत करणे म्हणजे सेवेच्या नावाखाली वेठ घेणे होय.

संस्थाचालकांची अडचणही खरी आहे. शुल्क वाढविले तर शेतमजुराचे मूल बाहेर राहते. तेव्हा भार समाजाने उचलला पाहिजे. सोन्याच्या बाजारपेठेसाठी आणि पाइप उद्योगासाठी ख्यात असलेल्या जळगावात दात्यांची वाण नाही. मात्र देणगी इमारतीला मिळते, कोनशिलेला मिळते. पगाराला मिळत नाही. प्रत्येक केंद्राने स्वतंत्र वेतननिधी उभारावा आणि एका शिक्षिकेचे वर्षभराचे वेतन एका कुटुंबाने वा उद्योगाने स्वीकारावे, अशी प्रथा पडावयास हवी.

शासनही यातून सुटत नाही. 2013 पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची तरतूद आहे. पण तेथील तज्ज्ञ कंत्राटी असतात. राष्ट्रीय आरोग्य अभियानातील कंत्राटी कर्मचाऱ्यांना सेवेत कायम होण्यासाठी महाराष्ट्रात 2023 मध्ये आणि पुन्हा 2025 मध्ये काम बंद ठेवावे लागले. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. तथापि त्यांतील अनेक तरतुदी दहा माणसांच्या मर्यादेपासून सुरू होतात आणि लहान केंद्रे त्याबाहेर राहतात. तेथे कायद्याची नव्हे, सद्सद्विवेकाची कसोटी आहे. लेखी नियुक्तिपत्र, निश्चित मासिक वेतन, नोंदींसाठी कामाच्या वेळेतच अवधी आणि दुखापत झाल्यास औषधोपचार एवढे तरी कायद्याची वाट न पाहता देता येईल.

मूल बोलू लागले की सारे टाळ्या वाजवितात. ज्या कंठाने तोच शब्द हजार वेळा उच्चारला, त्या कंठाची काळजी वाहणे हेही समाजाचे कर्तव्य आहे.