तंबू धरणाकाठी, पैसा कुणाच्या गाठी?

भाताची कापणी-मळणी उरकली, थंडी पडली की काळम्मावाडी आणि राधानगरीच्या फुगवट्याकाठी शनिवारी संध्याकाळी रंगीत तंबू दिसू लागतात. पुण्या-मुंबईची, बेळगाव-गोव्याकडची पोरं गाड्या घेऊन येतात, शेकोटी करतात, जेवतात आणि सकाळी चहा-पोहे खाऊन जातात. एका रात्रीचे माणशी हजार-बाराशे रुपये द्यायला ती मागं-पुढं बघत नाहीत. आपल्याकडं हा धंदा अजून पाळण्यात आहे. म्हणून आताच बोललेलं बरं. कारण ज्या रानातनं धरणाचं पाणी दिसतं त्या रानाची किंमत मालकाच्या आधी एजंटाला कळते.

हे कुठवर जातं ते बघायचं असेल तर मावळात पवना धरणावर एक चक्कर मारावी. पवनेची साठवण ८.५१ टीएमसी, आपल्या राधानगरीची ८.३६. म्हणजे धरणं जोडीचीच. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना हे किल्ले भोवती आणि पुणे-मुंबई हाकेच्या अंतरावर. गेल्या दहा-बारा वर्षांत ठाकूरसाई, आंबेगाव, ब्राह्मणोली या बाजूंना काठाकाठानं तंबूंची रांग लागली. तिथं दोन प्रकारची घरं दिसतात. ज्यांनी जमीन राखली त्यांची पोरं स्वतः तळ चालवतात, घरच्या बायका भाकरी-पिठलं करतात, पैसा घरात राहतो. ज्यांनी आधीच एकरानं विकून टाकली, ती माणसं आपल्याच जुन्या रानात दुसऱ्याचे तंबू उभे करायला रोजंदारीवर जातात. पवनेच्या लोकांनी धरणाला जमीन दिली. पुढं पाणी पिंपरी-चिंचवडला बंद नळातनं न्यायच्या वादात ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर गोळीबार झाला आणि तीन शेतकरी गेले. एवढं सोसून शेवटी काठही दुसऱ्याच्या हातात गेला, तर हिशेब काय राहिला?

आता आपला हिशेब मांडू. समजा, सहा तंबू घातले. बारा माणसं, माणशी हजार रुपये, म्हणजे शनिवारचे बारा हजार. जेवण, सरपण, साफसफाई, तंबूची झीज असा निम्मा खर्च धरा. सहा हजार उरले. नोव्हेंबर ते मे या हंगामात असे वीस शनिवार भरले, तर एक लाख वीस हजार झाले. पावसाळ्यात धंदा बंद, परीक्षेच्या दिवसांत गिऱ्हाईक कमी, हेही धरून चाला. हे पैसे भात-नाचणीच्या जोडीला चांगले आहेत, पण भात-नाचणी सोडून देण्याइतके नाहीत. उलट पाहुण्याला तुमचं भात, तुमची नाचणी, परड्यातली भाजी खायला घातली तरच चार पैसे जादा राहतात. भुदरगडात मौनी सागराच्या वरच्या अंगाला पाटगाव हे मधाचं गाव म्हणून ओळखलं जातं. तिथला मध पाहुणा मागून घेतो. तंबू कुठंही मिळतो, तो मध कुठंही मिळत नाही.

ठेकेदार मात्र वेगळंच गणित घेऊन येतो. ‘वर्षाला ठोक पन्नास हजार देतो, तुम्ही काही करू नका’ असं ऐकलं की माणूस हरखतो. कागद बघावा तर तो तीस वर्षांचा भाडेपट्टा असतो, नाहीतर कुलमुखत्यारपत्र असतं. मुखत्यारपत्र म्हणजे आपल्या घराची किल्ली दुसऱ्याच्या करदोट्याला बांधणं. द्यायचंच असेल तर एका हंगामाचा करार करा, दरवर्षी नवा. करारात शेतीचा हक्क तुमच्याकडं राहील हे लिहून घ्या. सातबारावर भोगवटादार वर्ग २ लिहिलं असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून तो व्यवहार टिकायचा नाही, हे सही करण्याआधी ध्यानात ठेवा.

दुसरी गोष्ट हद्दीची, आणि इथंच जास्त माणसं फसतात. पाणी उतरलं की जी सपाट, हिरवी पट्टी उघडी पडते ती तंबूला सगळ्यात देखणी दिसते. पण ती जमीन आपल्या आजोबांची होती, आता नाही. ती संपादित झाली आणि जलसंपदा खात्याची आहे. तिथं गाळपेराची परवानगी मिळते, त्यात प्रकल्पग्रस्तांना अग्रक्रमही असतो. पण ती परवानगी पिकासाठी, तंबूसाठी नव्हे. गाळपेरावर तंबू मारला आणि नोटीस आली तर ठेकेदार मोटारीत बसून निघून जातो, पंचनामा तुमच्या नावावर होतो. तेव्हा तंबू घालायचा तो हद्दीच्या दगडाच्या वर, स्वतःच्या गटात. बिगरशेती वापराबद्दल काय लागतं ते तलाठ्यांना (२०२४ पासून त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण काम तेच) विचारून लेखी घ्या. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० साली आलं आहे. त्याखाली पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी होते, आणि ते धोरण शेती चालू ठेवणाऱ्यासाठी आहे, पडीक रानात हॉटेल थाटणाऱ्यासाठी नाही.

दाजीपूर-राधानगरीच्या बाजूला आणखी एक नियम आहे. अभयारण्याभोवती २०२० साली पर्यावरण संवेदनशील क्षेत्र जाहीर झालं. अभयारण्याच्या हद्दीपासून एक किलोमीटरच्या आत नवं व्यापारी हॉटेल किंवा रिसॉर्ट चालत नाही. निसर्ग पर्यटनासाठी लहान, तात्पुरते निवारे तेवढे चालतात. हा नियम लहान शेतकऱ्याच्या फायद्याचा आहे, कारण तंबू हा तात्पुरता निवाराच. शहरातल्या बड्या भांडवलवाल्याला तिथं मज्जाव आणि तुम्हाला वाट मोकळी, असं क्वचितच घडतं! मात्र रात्री डीजे लावला, मोठे दिवे सोडले तर पाण्यावर येणारा गवा वाट बदलून थेट शेजाऱ्याच्या उसात शिरतो. मग भांडण वनखात्याशी नाही, भावकीत लागतं.

आता सगळ्यात नाजूक बाब. नोव्हेंबर २०२३ पासून कोल्हापूर शहराला थेट पाईपलाईननं काळम्मावाडीचं पाणी जातं. राधानगरीचं पाणी भोगावतीतनं खाली गावोगावच्या पाणी योजनांना आणि शेतीला मिळतं. म्हणजे काठावरच्या तळानं जे पाण्यात सोडलं ते आपल्याच पाहुण्यारावळ्यांच्या घागरीत जाणार. पंचगंगेचं काय झालं ते आपण डोळ्यांनी बघतोय, तीच गोष्ट धरणातच सुरू करायची काय? पन्नास माणसं एका रात्री उतरली आणि संडास नसला, तर सकाळी ती कुठं जातात हे सांगायला नको. दोन खड्ड्यांचा साधा संडास गावचा गवंडी बांधून देतो. तो काठाच्या वरच्या बाजूला, पाण्यापासून जमेल तेवढा लांब असावा. भांड्यांचं साबणाचं पाणी परसबागेत सोडा. बाटल्या आणि प्लॅस्टिक पाहुण्याच्या गाडीतनंच परत पाठवा.

अमेरिकेत धरणं बांधणारं लष्कराचं अभियंता दलच कितीतरी धरणकाठी तळ चालवतं. तिथं प्रत्येक जागेला नंबर असतो, पाण्याचा नळ असतो आणि चाकावरची घरं घेऊन येणाऱ्यांसाठी मैला रिता करायची ठरलेली जागा असते. आपल्या राज्यानंही २०२१ साली कॅराव्हॅन धोरण आणलं. तसल्या गाड्या आपल्या वाडीच्या रस्त्यावर वळायलाच अजून जागा नाही, ते राहू द्या. पण मैला कुठं जाणार हे आधी ठरवायचं आणि तंबू नंतर, ही त्यांची पद्धत घेण्यासारखी आहे.

जिवाची काळजी तर पहिली. धरणाच्या काठाला वरनं सुकी दिसणारी जमीन आत गाळाची असते. पाय रुतला की पोहणाराही अडकतो. पाण्यात उतरायला साफ मनाई ठेवा, गिऱ्हाईक रुसलं तरी चालेल. थंडीत कोळशाची शेगडी बंद तंबूत नेऊ देऊ नका, तिच्या धुरानं झोपेतच माणूस जातो. आणि राधानगरीचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत, पातळी झाली की आपोआप उघडतात. पावसाळ्यात खालच्या नदीपात्रात कुणी तंबू मारत असेल तर सरपंचांनी स्वतः जाऊन उठवावं.

सरपंच, सदस्य आणि ग्रामपंचायत अधिकारी मंडळींना एवढंच सांगणं, की हा विषय हंगामाआधी, २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत घ्या. पत्रिकेवर यावा म्हणून आठ-दहा दिवस आधी लेखी द्या. गावात किती तळ चालतात आणि कुणाच्या गटात, त्याची नोंदवही करा. रात्री दहानंतर आवाज बंद, संडासाशिवाय तळ नाही, बाहेरच्या ठेकेदाराला गावातली माणसं कामाला घेणं सक्तीचं, असे ठराव मांडा. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ खाली कर आणि फी बसवायचा अधिकार पंचायतीला आहे. तळामागं काही रक्कम ठरवता येईल का, हे गटविकास अधिकाऱ्यांना विचारून घ्या. कचऱ्याची गाडी त्या पैशातनं फिरेल. आणि त्या सभेला काठावरचे सगळे खातेदार बोलवा, मुंबईला किंवा पुण्याला कंपनीत गेलेले भाऊसुद्धा. कारण सामाईक सातबारावरची पहिली सही बहुतेक वेळा त्यांच्याकडूनच घेतली जाते.