पिशवीतील विस्तव

जानेवारी २०१३ मध्ये बोस्टन विमानतळावर उभ्या असलेल्या ड्रीमलायनर विमानाच्या लिथियम बॅटरीने पेट घेतला. थोड्याच दिवसांत एअर इंडियाची त्या जातीची ६ विमाने जमिनीवर खिळली. बॅटरीस पोलादी कवच चढविल्यावरच ती पुन्हा उडाली.

आज लिथियम बॅटरी, कवचाविना, कोंढ्याहून नागपूरचे विमान गाठणाऱ्या प्रवाशाच्याही पिशवीत असते. पॉवर बँक हातसामानातच ठेवावी, असा नियम आहे. कारण केबिनमध्ये धूर तत्काळ दिसतो, पाणी ओतता येते. मालकक्षात मात्र एक कोष पेटला की शेजारचे पेटत जातात आणि तेथे माणसाचा हात पोहोचत नाही.

केवळ फलक लावून भागणार नाही. सामान स्वीकारतानाच प्रत्येकास मराठीतून स्पष्ट विचारले जावे, आणि प्रवाशानेही खरे उत्तर द्यावे. आकाशात एकाच्या बेपर्वाईचे प्रायश्चित्त सर्वांनाच घ्यावे लागते.