नाटक कोणाचे आणि तमाशा कोणाचा?

दरसाल 5 नोव्हेंबर आला की शहरांतील नाट्यगृहांत समई पेटते, नटराजास हार पडतो, आणि मराठी रंगभूमीचा जन्म 1843 साली सांगलीस झाला असे मोठमोठे वक्ते घसा खाकरून सांगतात. त्या साली विष्णुदास भावे ह्यांनी 'सीता स्वयंवर' नाटकाचा प्रयोग सांगलीच्या संस्थानिकांपुढे केला, हे खरे आहे. भाव्यांशी आमचे भांडण नाही. ते स्वतः लाकडी बाहुल्या कोरणारे कसबी गृहस्थ होते. कसब्याचा मान सुतारा-लोहाराच्या घरांनी ठेवायचा नाही तर कोणी ठेवायचा? आमचे भांडण त्या 'जन्म' शब्दाशी आहे. 1843 च्या आधी ह्या मुलखातील माणसे सांज झाली की तोंडाला कुलूप घालून निजत होती काय?

बरे, सांगलीच्या राजेसाहेबांस नाटकाची हौस कोठून झाली? कर्नाटकातील कर्कीकडचा भागवत मेळा त्यांच्या दरबारी येऊन खेळ करून गेला, तो त्यांनी पाहिला, आणि तसे काही मराठीत करा म्हणून भाव्यांस सांगितले. म्हणजे पहिल्या म्हणविणाऱ्या नाटकाची आई गावोगाव फिरणारी खेळ्यांची मंडळी! त्याहीपूर्वी दीडशे वर्षे तंजावरास शहाजीराजे भोसले (राज्यकाळ 1684 ते 1712) मराठी नाटके लिहीत होते. बारशाचे पेढे आईला वगळून वाटण्याचा हा प्रकार आहे.

आता नाटक म्हणजे काय, हे त्यांच्याच पोथीला विचारू. भरताचे नाट्यशास्त्र सांगते की अभिनय चार परींचा: अंगाचा, वाणीचा, वेषभूषेचा आणि मनातल्या भावाचा. ही चार जेथे लोकांसमोर एकत्र उभी राहतात तेथे नाट्य झाले. अभिनयाच्या ह्या व्याख्येत छप्पर, मऊ खुर्ची आणि तिकीट कोठे येत नाही. उलट पोथी म्हणते, वेद शूद्रांच्या कानी पडू देत नाहीत म्हणून सर्व वर्णांसाठी हा पाचवा वेद निर्माण केला. आणि त्याच पोथीच्या शेवटी मौज पाहा: भरताच्या पोरांनी ऋषींची नक्कल केली, म्हणून ऋषींनी शाप दिला की तुम्ही शूद्र व्हाल! सोंगाड्याने मोठ्यांची टर उडवली की शिक्षा ठरलेलीच.

त्याच पोथीत रूपकाचे दहा प्रकार आहेत. नाटक हा त्यांतला एक. त्याचा नायक राजा लागतो. प्रकरणात ब्राह्मण, अमात्य किंवा व्यापारी चालतो. कुणबी कोठेच नायक नाही, हे ध्यानात ठेवा. पण भाण नावाचा प्रकार आहे, त्यात एकटा नट सगळे उभे करतो. एकनाथांचे भारूड म्हणणारा आपला सोंगी भजनी वेगळे काय करतो? प्रहसन आहे, म्हणजे हसवून ढोंग उघडे पाडणे. ते तर आमच्या बतावणीत रोजचे. पोथीतला भाण शास्त्र, आणि आमचे भारूड 'लोककला'. 'लोक' हा शब्द कानाला गोड लागतो, पण येथे तो दाराबाहेर काढलेल्या पायतणाच्या जागी आहे.

तमाशाच घ्या. आधी गण, मग गवळण; तिच्यात मावशी आणि सोंगाड्या देवालाही दोन शब्द ऐकवतात. मग बतावणी, आणि शेवटी वग. वग म्हणजे राजा, प्रधान, राणी, फितुरी, न्याय असे पुरते कथानक असलेले नाटकच. सावळजच्या उमा-बाबू ह्या मांग समाजातील तमासगिरांचा 'मोहना बटाव' (1865) हा पहिला वग मानतात. सावळज कोठे? तासगाव तालुक्यात, सांगलीपासून जवळच. सांगलीची तारीख शाळेच्या पोरास तोंडपाठ. सावळजची किती मास्तरांस ठाऊक आहे?

कोणी म्हणेल, तमाशाला, दशावताराला संहिता नाही, नट आयत्या वेळी बोलतात. काय हो, भाव्यांच्या नाटकात तरी भाषणे कोठे लिहिलेली होती? सूत्रधार पदे म्हणे आणि पात्रे आपल्या मनाने बोलत. तेथे ती प्रतिभा, आणि कोकणात एका बाकड्यावर रात्रभर महाभारत उभे करणारा दशावतारी मात्र अडाणी? दुसरा आक्षेप अश्लीलतेचा. स्वातंत्र्य आले आणि पाठोपाठ मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली. पोट हातावर असलेल्या फडांनी धडपड करून ती उठविली. संस्कृत भाणांतील शृंगारावर कोणी बंदी घातल्याचे आम्ही ऐकले नाही.

आणि खपते तेव्हा ह्याच चाली शहरात चालतात. 1972 साली पुण्यात 'घाशीराम कोतवाल' उभे राहिले ते खेळे, दशावतार आणि कीर्तन ह्यांच्याच बळावर, आणि पुढे परदेशांतही गाजले. त्याचे कौतुक व्हावे. ते चांगलेच नाटक आहे. पण तेच कसब घेऊन पाल ठोकणाऱ्या विठाबाई नारायणगावकरांस राष्ट्रपतींचा सन्मान मिळाला, आणि 2002 साली त्या वारल्या तेव्हा घरात हलाखी होती.

आता थोडे तुम्हांस, शेतकरी बांधवांनो. पाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात आणि गावकारभारी सुपारी द्यायला जातात. तेथे जाऊन काय मागता? "गाणी किती? पोरी किती?" वगाचे नाव विचारणारा शंभरात एक. रात्री गण-गवळण आटोपते न आटोपते तोच सिनेमाच्या गाण्यांसाठी शिट्ट्या, आणि वग उभा राहतो तेव्हा मांडव अर्धा रिकामा. काही गावांनी तर फड सोडून डीजे धरला. ज्या वगात सोंगाडी राजाला तोंडावर जाब विचारतो तो वग तुम्हीच उठवून लावता, मग शेटजी-भटजींनी आमची कला बुडविली म्हणून कोणत्या तोंडाने ओरडता? झाडीपट्टीकडे पाहा. गडचिरोली-चंद्रपूरकडचा धान काढून मोकळा झालेला शेतकरी रात्रभर नाटक पाहतो, वडशाच्या मंडळ्या त्यावर जगतात, आणि तेथील परशुराम खुणे ह्यांस 2023 साली पद्मश्री मिळाली. प्रेक्षक बसला म्हणून नट टिकला.

नाटकाचे बळ काय असते हे जोतीराव फुल्यांनी फार आधी ओळखले होते. 1855 साली त्यांनी 'तृतीय रत्न' लिहिले. त्यात गरोदर कुणबिणीला ग्रहांचे भय घालून लुबाडणारा जोशी आहे, भाबडा नवरा आहे, आणि मधे मधे टोचून बोलणारा विदूषक आहे, म्हणजे आपला सोंगाड्याच. राजा नाही, प्रधान नाही. कुणब्याचे घर हाच रंगमंच. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाकारले आणि ते छापून यायला 1979 साल उजाडले. सत्यशोधकांनी मात्र वाट पाहिली नाही. त्यांनी तमाशाचाच घाट उचलून जलसे काढले आणि गावाच्या चावडीपुढे उभे केले. पुढे 1931 च्या सुमारास भीमराव कर्डकांनी आंबेडकरी जलसा काढला, 1944 साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर ह्यांनी लाल बावटा कलापथक बांधले. ह्यांतल्या कशालाही नाट्यगृह लागले नाही.

म्हणून यंदाच्या यात्राकमिटीच्या बैठकीत उठून एवढेच विचारा: वग कोणता, आणि तो पुरा होणार की नाही? सुपारी ठरविताना वग पुरा करण्याची अट लिहून घ्या आणि तो संपेपर्यंत मांडवातून कोणी उठणार नाही ह्याची हमी गावाने द्यावी. तुमच्या आळीत जुन्या फडातील एखादा म्हातारा सरदार, सोंगाड्या, ढोलकीवाला असेल, तर शिकल्यासवरल्या पोराला वही देऊन त्याच्याजवळ बसवा. वगातील राजाचे नाव काय, सोंगाड्या कोठे आडवा येतो, कवनाची चाल कोणती, सगळे उतरून घ्या, आणि वहीच्या पहिल्या पानावर त्या म्हाताऱ्याचे नाव आणि गाव घाला.